खिडकीतली दुसरी उशी

बार्बरा गल्लीत खिडकीला उशी नसली की समजावं, घर रिकामं आहे. खिडकीच्या कट्ट्यावर उशी ठेवायची, तिच्यावर दोन्ही कोपरं टेकायची आणि गल्ली बघत बसायचं, हा इथला शिरस्ता कोळशाच्या खाणी चालू होत्या तेव्हापासूनचा. खाणी बंद पडल्या, उशा राहिल्या. फ्रीडल नोल्टेच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत तर दोन होत्या. एक तिची, कोपरांनी दोन खळगे पडलेली. दुसरी करड्या कापडाची, हिरव्या काठाची, तिच्या नवऱ्याची. विलीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर रविवारी फ्रीडल ती उशी खिडकीबाहेर झटकायची, पुन्हा जागेवर ठेवायची, आणि तिच्यावर माणसाचं कोपर सोडा, मांजराचा पंजासुद्धा पडू द्यायची नाही.

शनिवारी दुपारी मात्र ही खिडकी तिची एकटीची राहायची नाही, सगळ्या गल्लीची व्हायची. शनिवारी या गावच्या, होलरबेकच्या, फुटबॉल क्लबचा सामना असायचा, आणि सामना संपेपर्यंत फ्रीडलनं खिडकीतून हलायचं नाही असा गल्लीचा नियम होता. तो कुणी केला हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतील, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. कारण फ्रीडल आयुष्यात एकदाच स्टेडियमवर गेली होती, आणि त्या दिवशी योखेन सोबोत्काचा पाय मोडला होता.

योखेन तिच्याकडे आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. उत्तरेकडच्या दलदलीतलं कुठलंसं खेडं, बाप गुरं राखणारा, आणि पोराच्या पायात गोल. क्लबला अशा पोरांसाठी घरं हवी होती. विलीनं परस्पर हो म्हणून टाकलं आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं, "वरच्या खोलीतले बटाटे काढ, एक मुलगा येतोय." फ्रीडलला मूल नव्हतं. ती दोन दिवस विलीशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या मोज्यांना रफू करत बसली होती.

सामन्याच्या दिवशी त्याला दुधात शिजवलेला भात लागायचा, वर साखर आणि दालचिनी. दुसरं काही घशाखाली उतरायचं नाही. तो भात खाऊन योखेन पुढं जायचा, विली मागून जायचा आणि फ्रीडल भांडी घासून खिडकीत बसायची. पोराला कुणी लाथा मारताना तिला बघवायचं नाही. दुसऱ्या वर्षी विली हट्टालाच पेटला. तिला नवी टोपी घेऊन दिली आणि ओढतच स्टेडियमवर नेलं. खेळ सुरू होऊन पुरता रंगलाही नव्हता, तोच योखेनचा पाय नडगीपाशी मोडला. तो आवाज आपण वर प्रेक्षकांत बसून ऐकला, असं फ्रीडल अजून सांगते. विली म्हणायचा, इतक्या गर्दीत तो ऐकू येणंच शक्य नाही. पण तिनं ऐकला होता. ती टोपी तिनं पुन्हा घातली नाही.

तेव्हापासून ती खिडकीत. रेडिओ लावायची नाही, कुणाला विचारायची नाही. निकाल तिला गल्लीच सांगायची. जिंकले की माणसं घरी जायचीच नाहीत, कोपऱ्यावरच्या टपरीपाशी बियरच्या बाटल्या घेऊन थांबायची आणि तिच्या खिडकीकडे बघून हात हलवायची. हरले की एकमेकांच्या नावानं खडे फोडत यायची. बरोबरी झाली तर पंचाच्या नावानं.

पाय जुळला. पोरगा पुन्हा धावला, आणि असा धावला की दक्षिणेतल्या मोठ्या क्लबनं त्याला उचललं. देशाकडूनही तो खेळला, दोनदाच, पण खेळला. टपरीवाल्या रोझवितानं त्याचा फोटो भिंतीवर लावला, तो अजून आहे, सिगारेटच्या धुरानं पिवळा पडलेला. नाताळला त्याचा फोन यायचा. विलीला पोचवायला तो आला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सगळ्यांत उंच तोच होता. पुढं गुडघ्यानं दगा दिला. मोठ्या खेळाडूंसाठी शेवटी एक निरोपाचा सामना ठेवतात, जुने सोबती येतात, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. योखेनच्या वाट्याला तो आला नाही. त्याचा शेवटचा क्लब तेव्हा दिवाळखोरीत निघाला होता आणि निरोप द्यायला मागं कुणी उरलंच नव्हतं.

मग तो प्रशिक्षक झाला. तीन क्लब झाले आणि तिन्ही क्लबांनी त्याला नारळ दिला, शेवटच्यानं तर फोनवरून. मधल्या काळात बायकोही सोडून गेली. मुलगी हँबुर्गला. आणि चोपन्नाव्या वर्षी, केस पांढरे झालेला योखेन होलरबेकचा प्रशिक्षक म्हणून परत आला. क्लबनं त्याला तळ्याकाठी चांगला फ्लॅट दिला होता. तो एक सूटकेस घेऊन बार्बरा गल्लीत आला आणि दारातून म्हणाला, "मावशी, वरची खोली रिकामी आहे?"

"बटाटे आहेत," फ्रीडल म्हणाली. "चल, उचलू लाग."

त्याला आता दोन वर्षं होत आली होती. जिन्यावर पुन्हा पावलं वाजत होती. त्यातलं एक जरा जड पडायचं, मोडलेल्या पायाचं. सकाळी ते ऐकू आलं की फ्रीडल कॉफी चढवायची. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला आणखी काय हवं असतं? हे आवाज चालू राहावेत, एवढंच तिला हवं होतं.

आणि नेमकं तेच धोक्यात आलं. फेब्रुवारीपासून क्लब हरत सुटला. गेल्या शरदात गोल करणारा लेनार्ट नावाचा लंबूटांग पोरगा आता उघड्या गोलसमोर चेंडू आभाळात मारत होता, आणि सगळं गाव म्हणत होतं त्याला बाहेर बसवा, पण योखेन त्याला बसवत नव्हता. एप्रिल उजाडला तेव्हा गुणतक्त्यात त्यांच्या खाली फक्त दोन संघ उरले होते, आणि तळाच्या संघांना पुढच्या वर्षी खालच्या गटात जावं लागायचं.

त्या बुधवारी वर्तमानपत्रात अध्यक्ष ब्योकमान यांचं निवेदन आलं. ब्योकमान म्हणजे स्वयंपाकघराची कपाटं विकणारा माणूस. फ्रीडलच्या कपाटाचं दार त्यांनीच बसवलेलं आणि ते कधीच नीट लागलं नव्हतं. निवेदनात म्हटलं होतं, प्रशिक्षकावर आमचा पूर्ण विश्वास आहे.

फ्रीडल दूध आणायला टपरीवर गेली. रोझवितानं पेपर गल्ल्याखाली सारला.

"लपवू नकोस, वाचलंय मी," फ्रीडल म्हणाली.

"मावशी, विश्वास आहे म्हणतात."

"माझं वय काय? मागच्या वेळी पूर्ण विश्वास कुणावर होता?"

"आधीच्या प्रशिक्षकावर, त्या ग्रेवेवर."

"तो किती टिकला?"

"पुढच्या रविवारपर्यंत," रोझविता म्हणाली आणि तिला दुधाबरोबर आंबट गोळ्यांची पुडी फुकट दिली. अशा वेळी रोझविताला दुसरं काही सुचत नसे.

फ्रीडल घरी आली, जिना चढून वरच्या खोलीत गेली आणि पलंगाखालची सूटकेस ओढून काढली. मग कपाटातल्या पिसांच्या दोन जाड रजया आणल्या, कोंबून कोंबून तिच्यात भरल्या, गुडघा देऊन झाकण लावलं आणि सूटकेस पुन्हा आत ढकलली. यानं काही थांबणार नाही हे तिलाही कळत होतं. पण ज्याला चंबूगबाळं आवरायचंय त्याला निदान आधी माझ्या रजया उपसाव्या लागतील, असं पुटपुटत ती खाली आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योखेन लवकर आला. स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायला लागला. बोलायचं असलं की तो बटाटे सोलायचा, सोळाव्या वर्षापासूनची खोड.

"मावशी, शनिवारी ये ना सामन्याला."

फ्रीडलनं झाकण पातेल्यावर आदळलं. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"तिकीट आणलंय. प्रशिक्षकाच्या बाकामागं, चौथी रांग."

"एकदा आले होते. पाय दाखव तुझा."

"पाय त्या मागच्या बचाववाल्यानं मोडला, तू नाही."

"मी घरी होते तेव्हा त्यानं का नाही मोडला?"

तिच्या बोलण्यात तशी खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तो बटाट्याचा डोळा कोरत राहिला.

"हरलो तर मला काढणार आहेत, हे तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"म्हणून तर खिडकीत बसायचंय मला. हाडं मोडेपर्यंत बसेन. तू जिंक आणि घरी ये."

"मावशी," त्यानं सुरी खाली ठेवली, "इतकी वर्षं मी मैदानात उभा राहिलो की वर बघायचो. सगळ्यांचं कुणी ना कुणी तरी असायचं. माझा विली होता, तोवर होता. जिंकलो, हरलो, ते राहू दे. एकदा तू तिथं असावीस, एवढंच."

फ्रीडलनं त्याच्याकडे पाठ केली आणि आधीच स्वच्छ असलेली कढई पुसायला घेतली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. ज्या खिडकीत बसल्यानं हा मुलगा घरात राहील असं तिला वाटत होतं, नेमकी तीच सोडून ये, असं तो म्हणत होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही, पण ही बातमी कशी कोण जाणे, शुक्रवारी दुपारपर्यंत गल्लीत पोचली. संध्याकाळी मान्नी शिकोरा दारात उभा. खाणीतून निवृत्त झालेला, गल्लीतल्या पाठीराख्यांचा म्होरक्या, गळ्यात उन्हाळ्यातही क्लबचा हिरवा-पांढरा मफलर. मागं आणखी दोघं, जिन्यावर.

"फ्रीडल, खरं का हे?"

"काय?"

"तू येणार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ते सोड. हे बघ, तुझ्याविरुद्ध माझं काही नाही. माझ्या आईनंतर मी कुणाला मानत असेन तर तुला. पण उद्या तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस ना, तर तुझ्या दारात आडवा पडेन."

"पड. ओलांडून जाईन. विली दारू पिऊन आला की त्याला ओलांडायची सवय होती मला."

मागचे दोघे हसले. मान्नी हसला नाही. "क्लब खाली जाईल, फ्रीडल. आणि त्याची नोकरी जाईल. तुला हवंय का ते?"

हा घाव बरोबर बसला. "घरी जा, मान्नी," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग आतल्या कडीला हात लावून बराच वेळ तशीच उभी राहिली.

शनिवारी तिनं दूध तापवलं, तांदूळ टाकले आणि लाकडी पळीनं ढवळत राहिली. योखेन खाली आला. भात खाल्ला, वाटी बोटानं पुसून चाटली. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. दारात वळून म्हणाला, "येतो मावशी." तिकीट मिठाच्या बरणीला टेकून उभं होतं.

फ्रीडल खिडकीत जाऊन बसली. कोपरं आपल्या खळग्यांत ठेवली. गल्लीतून हिरवे-पांढरे मफलर चालले होते. प्रत्येक जण वर बघून मान हलवत होता आणि तिला तिथं बघून त्याचा जीव भांड्यात पडत होता. तिनं शेजारच्या करड्या उशीकडे बघितलं. विली काय म्हणाला असता, ते तिला पक्कं ठाऊक होतं. टोपी घाल, म्हणाला असता.

टोपी कपाटात सगळ्यांत वर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात होती. ती घालून, कोटाची बटणं लावून फ्रीडल खाली उतरली. गल्ली जागच्या जागी थिजली. रोझविता टपरीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली.

मान्नी कोपऱ्यावर होता. "फ्रीडल, मागं फिर."

"हात दे," ती म्हणाली. "ट्रामची पायरी उंच असते."

मान्नीनं आभाळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली आणि हात दिला.

फुटबॉलमधलं फ्रीडलला काडीचंही कळत नव्हतं. तिनं चेंडू बघितलाच नाही. ती नव्वद मिनिटं फक्त योखेनला बघत होती. मैदानाच्या कडेला आखलेल्या चौकोनात तो उभा होता. घरी इतका गप्प असणारा माणूस, पण इथं हात फिरवत होता, वाकत होता, चेंडू लेनार्टच्या पायाशी आला की नकळत स्वतःचाच उजवा पाय मागं नेत होता. अजून गोल मारतोय हा, फ्रीडलच्या मनात आलं. प्रत्येक वेळी तोच मारतोय आणि प्रत्येक वेळी त्याचाच चुकतोय. याला कुणाला बाहेर बसवायला कसं जमावं?

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक जाडा माणूस ओरडला, "सोबोत्का, चालता हो!" मग आणखी काही जण ओरडले.

फ्रीडल मागं वळली. पर्समधून रोझविताच्या आंबट गोळ्या काढल्या. "घ्या."

"काय?"

"घसा बसेल तुमचा."

माणूस गोंधळला. त्यानं गोळी घेतली. "तुम्ही कोण, आई का त्याची?"

"घरमालकीण," फ्रीडल म्हणाली. "आणि तो रोज रात्री घरी आला की ताट स्वतः धुतो. तुम्ही धुता?"

रांगेत हशा पिकला. जाड्याची बायको सगळ्यांत मोठ्यानं हसली. पुढं तो ओरडला नाही, गोळी चघळत राहिला.

खेळ संपत आला होता आणि अजून कुणाचाच गोल नव्हता. बरोबरी म्हणजे हार, असं मान्नीनं तिला ट्राममध्ये तीनदा सांगितलं होतं. गाव ओरडत होतं, लेनार्टला काढा. योखेननं बदली खेळाडूकडे बघितलं, मग लेनार्टकडे, आणि नाही काढलं. आणि मग एकदम सगळे उभे राहिले. फ्रीडलला समोरच्या माणसाची पाठ तेवढी दिसली. मान्नीनं तिला उचललं, टोपी उडाली, कुणीतरी तिच्या गालाचा मुका घेतला. ती म्हणत होती, "काय झालं? कुणाला लागलं?"

"कुणाला नाही लागलं, म्हातारे!" मान्नी रडत होता. "लेनार्टनं मारला! आता दर शनिवारी यायचं, कळलं का? दर शनिवारी!"

पाठी बाजूला झाल्या तेव्हा तिला योखेन दिसला. सगळे लेनार्टच्या अंगावर पडले होते, आणि तो एकटा चौकोनात उभा राहून वर, चौथ्या रांगेकडे बघत होता. तिनं हात वर केला. त्यानंही केला.

त्या रात्री फ्रीडल फार दिवसांनी शांत झोपली.

रविवारी सकाळी ब्योकमान आले. हातात फुलं होती, फ्रीडलसाठी. फुलं बघताच तिच्या मनात पाल चुकचुकली. ते योखेनबरोबर वरच्या खोलीत गेले, आणि खाली आले तेव्हा तिच्याकडे न बघता कपाटाचं वाकडं दार एकदा लावून बघितलं, आणि गेले.

योखेन येऊन स्वयंपाकघरात बसला. बटाटे नव्हते, म्हणून फ्रीडलनं त्याच्यापुढं ठेवले.

"काढलं," तो म्हणाला.

"पण तुम्ही जिंकलात."

"नव्या माणसाशी करार मंगळवारीच झाला होता. मला त्यांनी बुधवारी सांगितलं. एवढा एक सामना तू बघ, म्हणाले."

फ्रीडलनं बोटांवर वार मोजले. मग ती खुर्चीवर बसली. "म्हणजे गुरुवारी तू मला ये म्हणालास तेव्हा..."

"तेव्हा ठाऊक होतं."

"आणि दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही! माझ्यामुळं तुझी नोकरी जाईल म्हणून मरत होते मी!"

"सांगितलं असतं तर तू रडत आली असतीस. मला तसं नको होतं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मला निरोपाचा सामना कुणी दिला नव्हता, मावशी. म्हटलं, आपणच घ्यावा. बघणारं एक माणूस आलं तरी पुरे."

फ्रीडल उठली, त्याच्या पाठीशी गेली आणि त्याच्या पांढऱ्या डोक्यावर हात ठेवला. पंचावन्न वर्षांचा माणूस बटाटा हातात धरून रडला. तीही रडली.

जेवणानंतर तो वर गेला. थोड्या वेळानं जिन्यातून आवाज आला.

"मावशी, माझ्या बॅगेत तुझ्या रजया कशा?"

"थंडी येतेय."

"एप्रिल आहे."

"होलरबेकचा एप्रिल आहे. आणि कुठं निघालास एवढ्या घाईनं?"

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. "हँबुर्गला, पोरीकडे काही दिवस. मग बघू. ज्या गावानं काढलं तिथं राहता येत नाही, मावशी. टपरीवर गेलो तर लोक काय बोलणार? हवापाण्यावर बोलतील. नवा माणूस हरला तर मला खूश व्हायचा मोह होईल. जिंकला तर त्यांना माझ्यासमोर खूश होता येणार नाही. मीही अवघडणार, तेही."

तो खोटं बोलत नव्हता. याआधी तीन गावांतून तो असाच निघाला होता. "पुढच्या रविवारी जा," फ्रीडल म्हणाली. "रजयांना ऊन दाखवायचंय. एकटीला झेपत नाहीत."

तो आठवडाभर राहिला. खरंच हवापाण्यावर बोलणं झालं. रोझवितानं त्याला ढगांविषयी इतकं सांगितलं की तो दुसऱ्या दिवसापासून टपरी टाळायला लागला. शनिवारी सकाळी मान्नी आला आणि दारातूनच हळू आवाजात म्हणाला, "फ्रीडल, चल ना. तुझा पायगुण लागलाय."

"कुणाला बघायला येऊ?" ती म्हणाली. मान्नीनं मफलरशी चाळा केला आणि गेला.

भात करावा की नाही, यावर तिनं फार विचार केला. करावा तर त्याला सामना आठवणार, न करावा तर जास्तच आठवणार. ती विचार करत उभी असताना योखेन नेहमीच्या वेळी खाली आला आणि सवयीनं आपल्या खुर्चीवर बसला. मग त्याच्या लक्षात आलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. "दूध आहे का," तो म्हणाला, "की आणू?"

भात खाऊन झाला. साडेतीन वाजले, सामना सुरू झाला असणार. घरात बसायला त्याला जागा सापडेना. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, जिन्यापर्यंत आणि परत. फ्रीडल खिडकीत होती. तिनं करडी उशी हातानं थापटली.

"इथं ये."

"ती विलीची आहे."

"विली काही मागायला येत नाही. ये, बस."

योखेन तिच्या शेजारी येऊन बसला. कोपरं जपून टेकली, जणू खाली कुणी झोपलंय. रेडिओ नव्हता. गल्ली ओस होती, एक मांजर तेवढं रोझविताच्या पायरीवर. "इतकी वर्षं तू हेच बघत बसायचीस?" त्यानं विचारलं.

"हेच. तू येईपर्यंत."

ऊन समोरच्या भिंतीवर चढलं, आणि गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. मान्नी पुढं, बाकीचे मागं. खाली माना घालून, एकामागून एक. टपरीशी कुणी थांबेना. मान्नीचा मफलरसुद्धा गळ्यात नव्हता.

"हरले," योखेन म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "बिचारे. मयतीला निघाल्यासारखे आलेत."

फ्रीडलनं पुढं वाकून बघितलं. काहीतरी बसत नव्हतं. हरलेली माणसं अशी गप्प येत नाहीत, एकमेकांवर खापर फोडत येतात. ही एकमेकांच्या तोंडाकडेसुद्धा बघत नव्हती. आणि मान्नीच्या कोटाच्या खिशातून हिरव्या-पांढऱ्या मफलरचं टोक लोंबत होतं, घाईनं कोंबलेलं.

"जिंकलेत," ती म्हणाली.

"हे?"

"कोपऱ्यावरून तू दिसलास त्यांना. म्हणून."

योखेन खाली बघत राहिला. ती सगळी दांडगी माणसं, खाणीत आयुष्य काढलेली, त्याच्या खिडकीखालून चोरासारखी पाय न वाजवता चालली होती, त्याला दुखू नये म्हणून. त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते विलीच्या उशीवर टेकलेल्या हातानंच पुसले आणि बाहेर वाकला.

"मान्नी! किती?"

मान्नी थांबला. सगळे थांबले. त्यानं आपल्या बुटाकडे बघितलं. "दोन-शून्य," तो म्हणाला. "माफ कर, योखेन. म्हणजे, आम्ही काही मुद्दाम..."

"कुणी मारले?"

"दोन्ही त्या तुझ्या लंबूटांगनं."

योखेन हसायला लागला. असा हसला की फ्रीडलला त्याचा दंड धरावा लागला. "मग मेल्यासारखे काय चालताय? रोझविता, यांना बियर दे!"

गल्लीत आवाज परत आला. मफलर खिशांतून निघाले, बाटल्या उघडल्या, कुणीतरी लेनार्टनं कसा मारला ते फरशीवर करून दाखवायला लागलं आणि योखेन वरून ओरडला, "डावा पाय आधी टाकला असेल त्यानं, तसा नाही!"

"तू खाली ये आणि दाखव!" मान्नी म्हणाला, आणि बोलता बोलता थबकला. त्यानं खिडकीकडे बघितलं. एक उशी, दुसरी उशी, दोन्हींवर कोपरं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. "थांब. खाली येऊ नकोस. फ्रीडल, आज तुम्ही दोघं तिथंच बसला होतात? सगळा वेळ?"

"सगळा वेळ," फ्रीडल म्हणाली.

"जागचे हलला नाहीत?"

"हा एकदा पाणी प्यायला उठला होता."

"तेव्हाच समोरच्यांचा चेंडू आपल्या गोलच्या खांबाला लागला," मागून कुणीतरी गंभीरपणे म्हणालं.

मान्नीनं बोट उगारलं. "ऐका दोघं. अजून पाच सामने आहेत. पाचही शनिवार तुम्ही दोघांनी तिथं बसायचं, त्याच उशांवर, तो उजवीकडे आणि तू डावीकडे. आणि हा हँबुर्ग-बिंबुर्गला गेला ना, आणि आपण खाली गेलो ना, तर हे गाव त्याला जन्मात माफ करणार नाही."

"मला काढलंय तुम्ही, मान्नी," योखेन म्हणाला.

"ते ब्योकमाननं. आम्ही ठेवलंय."

फ्रीडलनं योखेनकडे बघितलं नाही. तिला भीती वाटत होती. तिनं समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "त्या रजया बॅगेतच राहू देत. कपाटात जागा कुठं आहे?"

"नाहीच आहे," फ्रीडल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फ्रीडलनं आपली उशी खिडकीबाहेर धरून झटकली. मग विलीची उचलली. तिच्यावर दोन नवे खळगे पडले होते. तिनं ती तशीच, जपून, परत जागेवर ठेवली.